काळ्या वेलींवरची कलमं

ग्र्क नावाचं एक द्राक्ष आहे. नाव घेताना घशात काटा अडकल्यासारखं होतं, पण त्याला इलाज नाही, तिथले लोक तसंच म्हणतात. क्रोएशिया देशाच्या समुद्रातल्या एका बेटावर, तेही बेटाच्या टोकाला असलेल्या एका गावात, पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या जमिनीत ते होतं. बाकी जगात जवळजवळ कुठेच नाही. म्हणायला पांढरं, दिसायला हिरवट पिवळं. एकाच घोसात एक मणी बोराएवढा आणि शेजारचा मिरीएवढा. रत्नागिरीच्या बाजारात असा घोस कुणी मांडला तर गिऱ्हाईक म्हणेल, चाळून उरलंय ते विकतोस काय रे?

त्याची वाइन करतात. ती कशी लागते ते मला माहीत नाही, कारण मी ती कधी प्यायलो नाही. ताजा रस मात्र प्यायलोय. आधी गोड, मग थोडा खारट, आणि अगदी शेवटी जिभेच्या मागे कडवट. कोवळ्या कैरीबरोबर कोयही दाताखाली आली की लागतं तसं. पहिल्या घोटाला मी तोंड वाकडं केलं होतं. आठवड्याने तोच रस मागून घ्यायला लागलो.

त्या बेटावर मी जेमतेम नऊ महिने होतो. तेवढ्यात त्या द्राक्षाची मी वाट लावली, आणि नंतर एका माणसाची त्याहून जास्त. ते सांगायचं आहे. सांगताना स्वतःची बाजू घ्यायची नाही असं ठरवलंय. बघू किती जमतं ते.

माझा धंदा आंब्याच्या कलमांचा. रत्नागिरीहून जयगडला जाणाऱ्या रस्त्यावर आत आमचं गाव आहे, तिथे घरामागे छोटी नर्सरी आहे. आमच्या वाडीतली मुलं एकतर मुंबईला जातात, नाहीतर लोटे एमआयडीसीतल्या कंपनीत शिफ्टला लागतात, नाहीतर जयगडच्या बंदरात चिकटतात. मी हातात चाकू घेऊन मातीत बसलो. बाबांना सुरुवातीला ते आवडलं नव्हतं. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते, आता निवृत्त आहेत, पण अख्खी बौद्धवाडी त्यांना अजून गुरुजीच म्हणते. तरुणपणी त्यांनी वाडीतली दारू बंद केली होती. आरडाओरडा न करता, एकेका घरी जाऊन, रोज संध्याकाळी जाऊन, समोरचा माणूस कंटाळेपर्यंत बसून. आमच्या घरात पंचशील हे भिंतीवर लावायचं प्रकरण नाही. त्यातलं पाचवं, नशा न करण्याचं, तर बाबांनी आयुष्यभर जपलेलं.

एका वर्षी कलमांना उठाव नव्हता. तेव्हा एका एजंटाच्या यादीत ‘बागकाम, युरोप’ असं वाचलं आणि मी निघालो. घरी सांगितलं, द्राक्षाच्या बागेत काम आहे. खोटं नव्हतं. पुढचं मी बोललो नाही आणि बाबांनी विचारलं नाही. वाडीत कुणीतरी परस्पर ठरवलं की मी मनुका तयार करतो. मी ते खोडलं नाही. फोनवर आई म्हणायची, “येताना मनुका आण हां, शेजारची इचारतायत.” मी हो म्हणायचो.

बागेचा मालक म्हातारा होता, ऐंशीच्या आसपास, उंच, हाडकुळा. त्याला इंग्रजी चार शब्द यायचे. त्याची मुलगी गावात नोकरी करायची, तिला चांगलं येत होतं. आम्ही कामगार दोघं, मी आणि एक नेपाळी, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा, डोंगरातल्या गावचा. आम्ही आपसात हिंदीत बोलायचो. पहिल्याच दिवशी जेवताना म्हाताऱ्याने ग्लास भरून पुढे केला. मी नको म्हटलं, छातीवर हात ठेवला आणि ‘फादर’ एवढंच बोललो. त्याला काय समजलं कोण जाणे, पण त्या दिवसापासून माझ्या ताटाशेजारी न सांगता पाण्याचा जग यायला लागला. मला माझाच फार अभिमान वाटला. दारूच्या पिंपांमध्ये राहून थेंबाला न शिवलेला माणूस! माझ्याएवढा शीलवान त्या बेटावर दुसरा नसेल असं मला मनापासून वाटायचं. आता आठवलं की कानशिलं तापतात.

कलम बांधणाऱ्याला एक खोड लागते. झाड दिसलं की तो आधी बुंध्याशी बघतो. जोड कुठे आहे, धरलाय की नाही, खालून काही फुटलंय काय. कोयीतून उगवलेलं रोप म्हणजे खुंट, तो रायवळ आंब्याचा, कसाही असतो. त्याच्यावर हापूसची काडी बसवायची, म्हणजे कलम झालं. काडी मेली की खुंट वर येतो, आणि काही वर्षांनी गिऱ्हाईक बोंबलत येतं की हापूस म्हणून नेलं आणि बिटकी धरली. म्हणून आमच्याकडे शिकायला आलेल्याला पहिला धडा हाच असतो: खालून आलेला फुटवा दिसला की कापायचा, त्याची दया करायची नाही.

म्हाताऱ्याची एक बाग गावापासून लांब होती. चारी बाजूंना दगडी गडगा, पलीकडे ऑलिव्ह आणि पाइनची झाडं, दुसरी द्राक्षबाग आसपास नाही. तिथे ग्र्कच्या ओळींमध्ये मधेच वेगळ्या वेली होत्या. पान वेगळं, द्राक्ष काळं. सप्टेंबरात तोडणीला आम्ही ती काळी द्राक्षं वेगळ्या क्रेटमध्ये भरली होती. मी कुणाला काही विचारलं नाही. मला विचारायची गरजच वाटली नाही. मला दिसलं की इथे कलमं मेली आहेत, खुंट वर आलाय, आणि म्हाताऱ्याने आळसाने किंवा मायेने तो तसाच वाढू दिलाय. त्या काळ्या वेली ठरावीक अंतरावर होत्या, हेही मला दिसलं होतं. मेलेली कलमं अशी अंतर राखून मरत नाहीत. पण हे मला नंतर सुचलं.

एप्रिलमध्ये म्हाताऱ्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तो मुलीबरोबर समुद्रापलीकडच्या शहरात हॉस्पिटलात होता. फेब्रुवारीच्या छाटणीतल्या ग्र्कच्या चांगल्या काड्या मी ओल्या वाळूत जपून ठेवल्या होत्या, अशीच सवय म्हणून. माझ्या डोक्यात आलं की म्हातारा घरी येईल तोवर त्याची बाग शुद्ध करून द्यावी. आयुष्यभर जे त्याच्याकडून राहिलं ते कोकणातला एक माणूस येऊन आठ दिवसांत करून गेला, असं त्याला वाटावं. खरं सांगायचं तर म्हाताऱ्याच्या कौतुकापेक्षा मला माझ्या हाताचं कौतुक होतं.

नेपाळी म्हणाला, “भाई, बूढ़े से एक बार पूछ लो.”

मी म्हणालो, “तुम्हारे पहाड़ में आम होता है क्या?”

तो म्हणाला, “नहीं होता. इसीलिए तो बोल रहा हूँ, पूछ लो.”

मी हसलो. आणि करवत उचलली. त्या वेलींना तो हात लावायला तयार नव्हता. तो बांधावर बसून राहिला आणि मी एकेक काळी वेल करवतीने गुडघ्याच्या उंचीवर कापली, बुंधा फोडला, ग्र्कची काडी पाचरीसारखी तासून आत बसवली, प्लॅस्टिकची पट्टी आवळून बांधली. वर पातळ प्लॅस्टिकची टोपी घातली, आपल्याकडे बर्फाच्या गोड कांड्या मिळतात त्या नळीसारखी. आमच्याकडे कोय कलमावर घालतात तीच. त्याला वाईट वाटू नये म्हणून नंतर एकदा गडग्याबाहेरच्या जंगली वेलीवर मी त्याला कलम बांधायला शिकवलं. त्याचं एकही धरलं नाही. माझी तीसच्या तीस धरली. इतकं सफाईचं काम मी घरी कधी केलेलं नाही.

म्हातारा मेमध्ये परत आला, वॉकर धरून. लांबच्या बागेपर्यंत त्याला जाता येत नव्हतं. मी काही बोललो नाही. घोस लागल्यावर बघेल आणि चाट पडेल, असा माझा बेत. मेअखेर माझा करार संपला. आमच्याकडे पावसाळ्यात कलमं बांधायची असतात, त्यामुळे मुदत न वाढवता मी घरी आलो. नेपाळी तिथेच राहिला. निघताना म्हाताऱ्याने मला सुक्या अंजिरांची पिशवी दिली आणि दोन्ही खांदे धरून काहीतरी बराच वेळ बोलला.

जुलैच्या शेवटी फोन आला. आम्ही पडवीत बसलो होतो. मी कलमं बांधत होतो, बाबा मला प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापून देत होते, आई फणसाच्या आठळ्या सोलत होती. बाहेर पागोळ्यांचा आवाज एवढा की मला फोन कानाशी धरावासा वाटत होता, पण तो व्हिडिओ कॉल होता. म्हाताऱ्याची मुलगी त्या लांबच्या बागेत उभी होती. तिने कॅमेरा ग्र्कच्या घोसाकडे नेला. घोस होते, पण त्यात द्राक्ष नव्हतं. मोहरीएवढे हिरवे कडक मणी, तेही विरळ. प्रत्येक वेलीवर तेच.

तिने शांतपणे सांगितलं, आणि मला पहिल्यांदा कळलं, की ग्र्कचं फूल नुसतं मादीचं असतं. त्याच्या स्वतःच्या परागात जीव नसतो. त्याला पराग लागतो तो शेजारच्या काळ्या द्राक्षाचा. म्हणून तिच्या पणजोबांनी मोजून मापून ओळींमध्ये काळ्या वेली लावल्या होत्या. गावात इतर ठिकाणी शेजारच्या बागा असतात, त्यामुळे निभावतं. पण ही बाग एकटी. मग तिने कॅमेरा खाली नेला. कापलेला काळा बुंधा, त्याच्यावर ग्र्कची तरारलेली फांदी, आणि जोडावर माझी पट्टी. शेवटचं टोक उलटं खोचायची माझी पद्धत आहे. ती मी दहा हजार पट्ट्यांमध्ये ओळखेन.

मागे म्हातारा काठी टेकून उभा होता. तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता.

तिने विचारलं, “हे कुणी केलं, तुला काही माहीत आहे?”

हा प्रश्न तिने आरोपासारखा विचारला नव्हता. तिला खरंच वाटलं असेल की मी मदत करेन. माझ्या शेजारी बाबा होते. त्यांनी कात्री थांबवली होती. पोराला परदेशातून फोन येतो, तेही कामाबद्दल विचारायला, याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिसत होता. रत्नागिरीत माझ्यासारखी कलमं कुणी बांधत नाही असं ते चारचौघांत सांगायचे. त्यांच्यादेखत मी मूर्ख ठरायला तयार नव्हतो. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी नंतर बरंच शोधलं, सापडलं नाही.

मी इंग्रजीत म्हणालो, “मी होतो तोवर तरी मला काही दिसलं नाही.” एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण खोट्याला टेकू लागतो. मी पुढे म्हणालो, “आय टॉट हिम. त्याला कलम बांधायला मीच शिकवलं होतं. कदाचित सराव करत असेल.”

ती थँक्यू म्हणाली आणि फोन बंद झाला.

“काय झालां रं?” आईने विचारलं.

मी म्हटलं, “तिथल्या बागेतल्या परागाच्या वेली, म्हणजे नरच म्हण, कुणीतरी कापल्या. फळ धरलं नाही.”

“नर कापलान?” आईचा हात थांबला. “कोन म्हनायचा तो शाना? मागच्या रातांब्याचा नर मी एवढी वर्सं ठेवलाय तो काय सावलीला? तूच मागं लागलंवतास ना तोडूया म्हनून? तवा मी काय सांगितलंवतां?”

सांगितलं होतं. रातांब्यात, म्हणजे कोकमात, नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि नराला फळ येत नाही, हे आमच्याकडे गुरांमागे फिरणाऱ्यालाही माहीत आहे. जायफळाचंही तसंच. नर्सरीवाल्याला ते माहीत नाही असं म्हणायला तोंड हवं. मी मान खाली घालून पुढचं रोप हातात घेतलं, आणि ते कलम फुकट गेलं.

बाबांनी दुसरंच धरलं होतं. त्यांना इंग्रजी बोलता येत नाही फारसं, पण थोडं समजतं, आणि पागोळ्यांच्या आवाजात त्यांच्या कानावर ‘टॉट हिम’ एवढंच पडलं असावं. ते म्हणाले, “तू त्या नेपाळी मुलाला कलम शिकवलंस? कधी बोलला नाहीस.”

मी म्हटलं, “थोडंसं.”

“थोडंसं काय? आपली विद्या आपल्यापाशी ठेवली नाहीस. चांगलं केलंस.”

तेव्हा वर्षावास चालू होता. पावसाळ्यातल्या या तीन महिन्यांत दर रविवारी आमच्या विहारात ग्रंथवाचन होतं, मग कुणीतरी दोन शब्द बोलतं. त्या रविवारी बाबा बोलले. दानाबद्दल बोलता बोलता म्हणाले की सगळ्यात मोठं दान विद्येचं. आणि उदाहरण कुणाचं दिलं? माझ्या मुलाने परक्या देशात, परक्या माणसाला, काही न घेता आपला हुन्नर दिला. सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. एका आजीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी सतरंजीची दशी ओढत बसलो होतो. बाबा खोटं बोलत नव्हते. मी बोललेलं खोटं त्यांच्या तोंडून खरं होऊन बाहेर येत होतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं. येत होतं, मी थांबवलं नाही.

ऑगस्टमध्ये नेपाळीचा आवाजी मेसेज आला. मी तो नर्सरीत उभा राहून ऐकला. “भाई, ये लोग बोल रहे हैं कि तुमने मेरा नाम लिया. मैं नहीं मानता. तुम बस एक बार इनको फोन कर दो.” मागे कुठेतरी बकऱ्यांच्या घंटा वाजत होत्या, त्या मला ओळखीच्या होत्या. त्याचा आवाज चिडलेला नव्हता. चिडला असता तर मी चिडून काहीतरी उत्तर तरी दिलं असतं. ‘मैं नहीं मानता’ याला काय उत्तर देणार? मी मेसेज ऐकला आहे हे त्याला दिसलं असणार. मी काही लिहिलं नाही. दहाएक दिवसांनी दुसरा आला, फक्त लिहिलेला. “घर आ गया.” त्यालाही मी उत्तर दिलं नाही. त्याला काढून टाकलं होतं, आणि एजंटाने पुढे कुठे पाठवायलाही नकार दिला होता. हे मला एजंटाकडूनच कळलं. मी चौकशी केली होती. माणूस मेलाय की जिवंत एवढं लांबून बघावं, तशी.

ते दोन-अडीच महिने मी कलमं बांधली, पावसात गाडी चालवून शहरात रोपं पोचवली, जेवलो, झोपलो. लोक म्हणतात मन खातं. माझं मन मला खात नव्हतं, उलट ते सारखं मला सावरून घेत होतं. तीस वेलींचा तर प्रश्न आहे. पुढच्या वर्षी परत लावतील. त्याला दुसरं काम मिळेल. त्याने अडवायला नको होतं का मला? होय, इथपर्यंत गेलो होतो मी. मला ज्याने अडवलं होतं त्यालाच मी मनातल्या मनात विचारत होतो की तू मला नीट अडवलं का नाहीस.

वर्षावासाची सांगता जवळ आली. एका सकाळी चहा पिताना बाबा म्हणाले, “पौर्णिमेच्या कार्यक्रमाला त्या तुझ्या मित्राला फोन लावायचा. विहारात टीव्ही आहे, त्याच्यावर मोठा दिसेल. नेपाळचा माणूस, लोकांना बरं वाटेल. दोन शब्द बोलू दे.”

मी कप खाली ठेवला. “बाबा, ती द्राक्षं दारूची होती.”

का कोण जाणे, सुरुवात मी तिथून केली. बहुधा मला वाटलं की ते ऐकून ते एवढे रागावतील की पुढचं सांगायची वेळ येणार नाही.

बाबा म्हणाले, “ते मला तू गेलास त्या आठवड्यातच कळलं. मोबाईलवर बघितलं मी. बेटाचं नाव टाकलं की सगळ्या बाटल्याच येतात.”

“मग बोलला नाहीत?”

“तू प्यायलास?”

“नाही.”

“मग काय बोलायचं?”

वर्षभर मी ज्या गोष्टीला घाबरत होतो ती अशी चहाच्या दोन घोटांत संपली. पाचवं शील सांभाळण्याच्या नादात चौथं, खोटं न बोलण्याचं, कधी गेलं ते मला कळलंच नाही, असं मी म्हणणार होतो. पण ते खरं नाही. मला कळलं होतं. खोटं बोललो त्या क्षणाला कळलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. करवत, काड्या, पट्टीचं खोचलेलं टोक, ‘आय टॉट हिम’, आणि दोन मेसेज. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती.

बाबांनी कप बाजूला सारला. मग त्यांनी विचारलं, “त्याला वडील आहेत?”

मी म्हटलं, “आहेत.”

“आधी बेटावर फोन लाव. मग त्याला.”

मुलीने फोन उचलला. मी सांगितलं. या वेळी इंग्रजी फार अडखळत आलं. ती म्हणाली, थांब, आणि बापाला बोलावून त्यांच्या भाषेत सांगितलं. म्हाताऱ्याने एकच प्रश्न विचारला. ती म्हणाली, “ते विचारतायत, किती कलमं धरली?”

मी म्हटलं, “सगळी.”

म्हाताऱ्याने मान हलवली. मग तो मुलीला काही बोलला आणि कॅमेऱ्यातून निघून गेला. ती म्हणाली की काळ्या वेली परत चढवायला काही वर्षं जातील. त्या नेपाळी माणसाला ते परत बोलावतील आणि एजंटालाही कळवतील. आणि मी पुन्हा येऊ नये. हे शेवटचं तिने अगदी हळू सांगितलं, जणू तिलाच संकोच वाटत होता.

नेपाळीचा फोन तिसऱ्यांदा लागला. मी हिंदीत सगळं बोललो, मी केलं, मी तुझं नाव घेतलं, मी आता त्यांना खरं सांगितलंय, ते तुला परत बोलावतायत. तो ऐकत होता. मग म्हणाला, “मैं नहीं जाऊँगा वहाँ.” मी म्हटलं, का? तो म्हणाला, “उन लोगों ने मुझे कैसे देखा, तुमने नहीं देखा.” मग म्हणाला की घरी बाप रोज विचारायचा, काही केलं नाहीस तर का काढलं? परदेशातले लोक उगाच कशाला काढतील? रोज तेच. शेवटी कंटाळून त्याने सांगून टाकलं की हो, वेली मीच कापल्या. तेव्हापासून बाप त्याच्याशी बोलत नाही. “तुम एक काम करो. मेरे बाप को बोल दो.”

त्याने फोन आत नेला. दारं, कोंबड्या, मग एक खोकला. पलीकडून त्याच्या बापाचा आवाज आला. मी सांगितलं. बाबूजी, तुमच्या मुलाने काही केलेलं नाही, ते मी केलं. त्याला माझी हिंदी नीट कळली नाही म्हणून दुसऱ्यांदा सांगितलं. एकच कबुली दोनदा द्यायला लागली की ती जास्त सोपी होत नाही. मग त्याने विचारलं, “तुम्हारे बाप हैं?”

“हैं.”

“उनको मालूम है, तुमने क्या किया?”

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि ते उभे राहिले. गुडघ्यांमुळे त्यांना पटकन उठता येत नाही, खांब धरून उठले. “जी, मालूम है,” ते म्हणाले. “मैं उसका बाप बोल रहा हूँ. मेरे लड़के ने आपके लड़के का नाम खराब किया. मैं आपसे माफ़ी माँगता हूँ.”

बाबांच्या वडिलांना दुसऱ्यांच्या अंगणाबाहेर हात जोडून उभं राहावं लागत असे. बाबांनी शिक्षक म्हणून लागल्या दिवशी ठरवलं होतं की यापुढे आपल्या घरातलं कुणी कुणापुढे हात जोडणार नाही. वाडीतल्या प्रत्येक मुलाला त्यांनी तेच शिकवलं. साहेबापुढे नाही, सावकारापुढे नाही, पुढाऱ्यापुढे नाही. मला आठवतंय तेव्हापासून त्यांनी एकाही जिवंत माणसाला हात जोडलेले मी पाहिले नव्हते. त्या सकाळी पडवीत त्यांनी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि दोन्ही हात जोडले. कॉल नुसत्या आवाजाचा होता. पलीकडच्या माणसाला ते दिसणार नाही हे त्यांना माहीत होतं. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो, आणि उठून उभं राहायचं मला सुचलंसुद्धा नाही.